अंगमेहनतीचा हिशेब
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



‘तुमच्या कामातलं काहीतरी सांगा’ असा मंडळाचा निरोप आला. पूल, रूळ, सिग्नल यांबद्दल बोलता आलं असतं. पण या सभेत शेतीत राबणारे आहेत, तंबाखूच्या भट्टीवर रात्र काढणारे आहेत, गवंडीकाम करणारे आहेत आणि रुळावर काम करणारे आहेत. सगळ्यांना लागू पडेल असा विषय मी निवडला आहे. अंगमेहनत करताना शरीरातली शक्ती किती खर्च होते, ती मोजायची कशी आणि मोजून करायचं काय? मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांच्या देखभालीत वर्षं गेली. पण ‘एका माणसानं दिवसात किती काम करावं’ हा प्रश्न आमच्या खात्यात रोज येतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा आवाज चढवून दिलं जातं. ते हिशेबानं देता येतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी माप. आपण ज्याला उष्मांक म्हणतो ती म्हणजे किलोकॅलरी. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक उष्मांक, म्हणजेच साधारण ४.२ किलोज्यूल. साठ किलो वजनाचा माणूस नुसता पडून राहिला तरी मिनिटाला सुमारे एक उष्मांक खर्च करतो. हृदय चालू, श्वास चालू, अंग गरम ठेवणं चालू. गाडी उभी असतानाही इंजिन चालू असतं, तसंच हे.

हा खर्च मोजायचा कसा? चुलीत लाकूड जळतं तेव्हा हवा लागते, तसंच शरीरात अन्न जळतं तेव्हा प्राणवायू लागतो. फ्रान्समधल्या लाव्हाझिएनं अठराव्या शतकाच्या अखेरीस हे दाखवून दिलं. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की साधारण पाच उष्मांक खर्च झाले असं धरतात. तेव्हा काम करताना माणसाचा सोडलेला श्वास पिशवीत गोळा करायचा आणि त्यातला किती प्राणवायू कमी झाला ते तपासायचं. १९११ मध्ये डग्लस या इंग्रज शास्त्रज्ञानं पाठीवर बांधायची अशी पिशवी तयार केली, ती आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. या पद्धतीनं चालणं, खणणं, ओझं वाहणं, कोळसा ओढणं अशा शेकडो कामांची कोष्टकं तयार झाली. तोंडाला नळी लावून फावडं मारणं हे काही रोजच्या कामावर जमणारं नाही, म्हणून आपण या कोष्टकांचाच आधार घेतो.

आता आमच्या ट्रॅकमनचा, म्हणजे जुन्या भाषेत गँगमनचा, एक दिवस मांडू. माणूस साठ किलोचा. बसून राहिला तर मिनिटाला दीड उष्मांक, अवजारं घेऊन रुळाच्या कडेनं चालला तर साडेतीन, फावडं, टिकाव किंवा बीटरनं खडी ठोकायचं काम असेल तर साधारण साडेसहा. हे ढोबळ आकडे आहेत. माणसागणिक, जागेगणिक बदलतात, पण अंदाजपत्रकाला पुरेसे आहेत. आठ तासांच्या पाळीत दोन तास चालणं म्हणजे ४२० उष्मांक. तीन तास जड काम म्हणजे ११७०. उरलेले तीन तास बसणं, गाडीसाठी थांबणं, जेवण, म्हणजे २७०. एकूण १८६०. याला ४८० मिनिटांनी भागलं की सरासरी मिनिटाला ३.९ उष्मांक येते.

ही सरासरी चांगली की वाईट? यासाठी एक मर्यादा हवी, आणि ती आपल्या देशात आपल्याच कामगारांवर प्रयोग करून काढलेली आहे. साहा, दत्ता, बॅनर्जी आणि नारायणे या संशोधकांचा निबंध १९७९ मध्ये ‘एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात आला. त्यांचा निष्कर्ष असा की सर्वसाधारण तरुण भारतीय कामगाराला सतत पेलेल असं काम म्हणजे त्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ३५ टक्के. आकड्यात मिनिटाला १८ किलोज्यूल, म्हणजे ४.३ उष्मांक, आणि नाडीचे ठोके मिनिटाला ११० च्या आसपास. युरोपातल्या पुस्तकांत हीच मर्यादा पाच उष्मांक धरलेली असते. तिथला आकडा इथं जसाच्या तसा लावला तर आपल्या माणसावर रोज थोडं जास्तीचं ओझं टाकलं जातं, आणि ते कुठल्याही वहीत दिसत नाही.

आमच्या ट्रॅकमनची सरासरी ३.९ म्हणजे मर्यादेच्या आत. आता कुणी साहेब म्हणाला, ‘तीन तास बसून काय करतात? एक तास कामात घ्या.’ कागदावर एकच तास सरकला. पण हिशेब पुन्हा करा. चालणं ४२०, जड काम चार तास म्हणजे १५६०, विश्रांती दोन तास म्हणजे १८०. एकूण २१६०, सरासरी ४.५. मर्यादा ओलांडली. एक दिवस चालून जाईल. महिनाभर चालवलं तर पाठ धरते, रजा वाढतात. आणि रुळावर काम करताना दमलेल्या माणसाचा कान गाडीच्या शिट्टीकडे उशिरा जातो. मित्रहो, आमच्या धंद्यात त्या उशिराची किंमत पैशात नसते.

विश्रांती किती द्यावी याचंही साधं गणित आहे. मरेल नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ते १९६५ च्या सुमारास मांडलं. सूत्र पाठ करायची गरज नाही, ते सरासरीचंच गणित आहे. साडेसहा उष्मांकांचं काम सलग चालू आहे आणि तासाची सरासरी ४.३ वर ठेवायची आहे, तर तासाला सुमारे २६ मिनिटं विश्रांती हवी. ताळा करा. ३४ मिनिटं साडेसहाप्रमाणे २२१, २६ मिनिटं दीडप्रमाणे ३९, बेरीज २६०. भागिले साठ, ४.३. तेव्हा जड कामावरचा माणूस तासातला जवळजवळ अर्धा वेळ टेकलेला दिसला तर तो कामचुकार आहे असं समजू नका. तो टेकलेला वेळ कामाचाच भाग आहे. आमचे जुने मुकादम हे गणित न शिकता पाळत. बीटर मारणाऱ्यांची जोडी ठरावीक ठोक्यांनंतर बदलायची, एकानं गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्या ठेक्यावर हात चालवायचा. त्या गाण्यात वेगही बांधलेला होता आणि दमही.

आता इंजिनियर मंडळींसाठी एक गंमत. आम्ही मातीकामाचं अंदाजपत्रक घनमीटरवर करतो. माती किती लांब टाकायची ती ‘लीड’ आणि किती उंच चढवायची ती ‘लिफ्ट’, यांचे दर वेगळे. एक घनमीटर माती, सतराशे किलो धरू, दीड मीटर वर चढवली. भौतिकशास्त्राप्रमाणे काम झालं २५ किलोज्यूल, म्हणजे फक्त ६ उष्मांक! स्नायूंची कार्यक्षमता २० टक्के धरली तरी ३० उष्मांक. ज्वारीची अर्धी भाकरीसुद्धा लागू नये. पण तीच माती खणून, भरून, टाकायला माणसाला समजा दीड तास लागला, तर मिनिटाला पाच उष्मांकांनी खर्च होतो ४५०. मधले चारशेवीस गेले कुठे? माती फोडण्यात गेले, शरीर तगवण्यात गेले, आणि फार मोठा वाटा गेला तो स्वतःचंच धड वाकवण्यात आणि उचलण्यात. प्रत्येक फावड्याला माती चार-पाच किलो उचलली जाते, पण माणूस स्वतःचं अर्धं अंग उचलतो. मोजमाप पुस्तकात मातीची नोंद होते, अंगाची होत नाही. म्हणून फावड्याचा दांडा चार बोटं लांब केला, घमेलं जमिनीऐवजी ओट्यावर ठेवलं, तर माती तितकीच आणि खर्च कमी. इथल्या तंबाखूच्या रानात खालची पानं खुडतानाही तेच होतं. पानाचं वजन ते काय! शीण येतो तो कंबरेतून वाकण्याचा.

ओझ्याचंही तसंच. दत्ता आणि रामनाथन यांनी १९७१ मध्ये तीस किलोचं ओझं सात तऱ्हांनी वाहून पाहिलं. सर्वांत स्वस्त पडली ती पुढे-मागे निम्मं निम्मं वजन बांधण्याची तऱ्हा. डोक्यावरचं ओझं तिच्या अगदी जवळ होतं. सर्वांत महाग पडलं दोन हातांत धरून नेणं, पहिल्यापेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त. आपल्या आया-बहिणी डोक्यावर हंडा ठेवत ते उगीच नव्हे. मात्र उष्मांक वाचले म्हणून मान वाचली असं नाही. मणक्यावरचा दाब प्राणवायूच्या पिशवीत दिसत नाही.

ही या मोजमापाची मोठी मर्यादा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. तेरा मीटर लांबीचा, मीटरला ५२ किलोचा रूळ ६७६ किलोचा असतो. सोळा जणांनी उचलला तर माणशी ४२ किलो. तो उचलून जागेवर धरून ठेवला तर भौतिकशास्त्र म्हणतं काम शून्य, कारण रूळ हललाच नाही. प्राणवायूचं मापही फार वाढत नाही. पण आवळलेल्या स्नायूतलं रक्त अडतं आणि दोन मिनिटांत हात थरथरू लागतात. तेव्हा उष्मांक कमी दिसले म्हणून काम हलकं असं कुणी समजू नये. उष्मांक, नाडी, ओझं, वाकणं आणि ऊन, पाचही एकत्र बघायचे.

उन्हाचं बोलू. मिनिटाला ४.३ म्हणजे साधारण तीनशे वॅट. साठ वॅटचे पाच बल्ब डोळ्यांसमोर आणा. माणूस काम करताना तेवढ्या शक्तीनं जळत असतो आणि त्यातून प्रत्यक्ष काम फार तर एका बल्बाएवढं निघतं. उरलेल्या चार बल्बांची उष्णता अंगातून बाहेर जायला हवी, म्हणजे तासाला दोनशेच्या वर उष्मांक. एक ग्रॅम घाम वाळताना ०.५८ उष्मांक घेऊन जातो. म्हणजे तासाला साडेतीनशे ग्रॅम घाम तर फक्त कामाचा, वरून उन्हाचा वेगळा. हवा दमट असेल तर घाम टपकतो, वाळत नाही, आणि टपकलेला घाम अंग थंड करत नाही. एप्रिलच्या दुपारी रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, खडी खालून भाजते. आम्ही रूळ वाकू नये म्हणून उन्हाळी गस्त घालतो. गस्त घालणाऱ्यासाठी पाण्याचा कॅन आणि सावली हा त्याच गस्तीचा भाग मानला पाहिजे.

आता घरी करता येईल अशी परीक्षा. यंत्र नको, मनगटावरची नाडी आणि सेकंदकाटा पुरे. काम थांबवून माणसाला बसवायचं. पहिल्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोके मोजून दुप्पट करायचे. तसंच तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी. पहिला आकडा ११० किंवा कमी आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत निदान दहानं उतरला, तर काम पेलतं आहे. आकडा चढाच राहिला, किंवा सकाळपेक्षा दुपारी वर वर जात असेल, तर कामाची गती, ऊन किंवा विश्रांती यांपैकी काहीतरी बदलायला हवं. ब्रुहा नावाच्या शरीरशास्त्रज्ञाची ही पद्धत आहे. एक सावधगिरी: ताप, भीती, कडक चहा, विडी यांनीही नाडी वाढते, आणि पंडुरोगानं तर हमखास वाढते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. पुरुषाइतकीच पाटी उचलणाऱ्या बाईला तेच काम कितीतरी जड जातं, याचं एक कारण इथं आहे. हातातल्या नव्या घड्याळांत उष्मांकांचे आकडे येतात, ते बरेचसे नाडीवरून बांधलेले अंदाज असतात. ते बघा, पण देववाणी समजू नका.

हा हिशेब नुसता शास्त्राचा नाही. तो चुकला की माणसं मरतात, हे आपल्याच दख्खननं पाहिलं आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ मुंबई इलाखा, मद्रास इलाखा आणि हे म्हैसूर संस्थान, तिन्हींवर कोसळला. दुष्काळी कामावरच्या मजुराला किती द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असं प्रमाण ठरवलं. आपल्या गणितानं बघू. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, त्यातून मिळतात पंधराशे ते सोळाशे उष्मांक. पन्नास किलोच्या माणसाला चोवीस तास नुसतं पडून राहायला बाराशे लागतात. उरले तीन-चारशे. माती खणताना ते दीड-दोन तासांत संपतात. पुढचे तास माणूस स्वतःच्या अंगातलं मांस जाळून माती खणतो. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हे प्रमाण अपुरं असल्याचं जोरानं मांडलं आणि त्याच वर्षी मद्रास सरकारनं मजुरी वाढवली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायचं नाकारलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या मजुरांनी प्राणवायूची पिशवी पाहिली नव्हती. संध्याकाळी घरी चालत जाता येतं की नाही, हे त्यांचं मोजमाप होतं आणि ते बरोबर होतं.

पुढच्या काळात हा विचार हमालांच्या चळवळीत दिसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये प्रौढ पुरुषानं हातानं वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. आपल्याकडे तेव्हा शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं ही रोजची गोष्ट होती. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पोत्याचं वजन कमी करण्यासाठी लढा दिला. त्याच हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण. ओझं कमी करा आणि पोटात पुरेसं घाला, या एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत.

जमेची बाजू बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात रोज २११०, मध्यम कामात २७१० आणि जड कामात ३४७० उष्मांक लागतात. ५५ किलोच्या स्त्रीला अनुक्रमे १६६०, २१३० आणि २७२०. मघाच्या ट्रॅकमनचा पूर्ण दिवस मांडला, पाळीचे १८६०, झोपेचे ४८० आणि घरच्या कामाचे आठेकशे, तर ३१५० च्या आसपास येतात, म्हणजे मध्यम आणि जड यांच्या मधोमध. आता बैठं आणि जड यांतला पुरुषाचा फरक बघा: १३६०. म्हणजे रोज चारशे ग्रॅम धान्य जास्त, मग ती ज्वारी असो, तांदूळ असो की इथली नाचणी. हे चारशे ग्रॅम त्याच्या चैनीचे नाहीत. त्यांच्यावरची डाळ, तेल आणि चूल धरून जो खर्च होतो, तो मजुरीतून वजा करून मगच त्याची कमाई मोजायला हवी. वाफेच्या इंजिनाला चढावर जास्त कोळसा लागायचा, तेव्हा तो इंजिनाच्या पगारातून कुणी कापला नव्हता.

हे शास्त्र दूरचं नाही. आपल्या म्हैसूर शहरात संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ मध्ये स्थापन झाली. बर्फात उभ्या राहणाऱ्या जवानाला आणि वाळवंटातल्या जवानाला शिध्यात काय द्यायचं, याचा विचार तिथं झाला. जवानासाठी जो विचार होतो तो खडी ठोकणाऱ्यासाठी आणि भट्टीला लाकूड घालणाऱ्यासाठीही व्हावा, एवढीच अपेक्षा.

शाळकरी मुलांसाठी एक घरचा अभ्यास देतो. आपल्या गावच्या डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे. तिथं चढताना पायऱ्या मोजा, चार-पाच पायऱ्यांची उंची पट्टीनं मोजून सरासरी काढा आणि गुणाकार करा. साठ किलोचा माणूस शंभर मीटर उंच चढला तर काम होतं ५९ किलोज्यूल, म्हणजे १४ उष्मांक. स्नायूंच्या २० ते २५ टक्के कार्यक्षमतेनं खर्च होतो ५६ ते ७० उष्मांक. तुमचं वजन आणि तुमची उंची घालून उत्तर काढा, वर पोहोचल्यावर नाडीची परीक्षाही करा. मग त्याच पायऱ्यांवरून कधीकाळी दगड वर नेणाऱ्यांचा हिशेब मांडून बघा.

आणि मोठ्यांना तीन विनंत्या. तुमच्या शेतावर, बांधकामावर, माझ्या रेल्वेतल्या मित्रांनो तुमच्या ब्लॉकवर, कामाचं वाटप करताना विश्रांतीची मिनिटं आधी लिहा आणि मग काम भरा. जड काम सकाळच्या गारव्यात घ्या, अवजाराचा दांडा आणि ओझ्याची उंची माणसाच्या बेतानं ठेवा. आणि पाणी व जेवण हे उपकार म्हणून देऊ नका, अंदाजपत्रकात त्यांचा रकाना करा. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलणाऱ्या आपल्याच पोरांपासून सुरुवात करू. दर काही अंतरावर खांदा बदलायचा, ट्रॅक्टरवर पाण्याचा पिंप ठेवायचा, आणि ढोल वाजवणाऱ्याला आधी चार घास खाऊन यायला सांगायचं. मोदकांचे उष्मांक मात्र या दहा दिवसांत कुणी मोजू नयेत.

 गणपती बाप्पा मोरया!